गोडी जिवंत राहिलेली भिंत

१

"मुंगीला घातल्याशिवाय तोंडात घास घालू नकोस. आणि घातलंस की पाठ फिरवून उठू नकोस, ती येईपर्यंत थांबायचं."

सासूबाईंचं हे सांगणं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण रोज सकाळी चिमूटभर तांदळाची पिठी आणि साखर हातात घेतली की त्यांचा आवाज कानाशी येतो. नेम पाळल्याने काही चमत्कार होतात असं मी म्हणत नाही. थांबायची सवय मात्र लागते, आणि थांबलेल्या माणसाला घाईतल्या माणसापेक्षा चार गोष्टी जास्त दिसतात. कमळमहालात जे घडलं ते मला दिसलं ते तेवढ्यामुळेच. हुशारीचा त्यात काही भाग नाही.

साल चौतीस, मार्गशीर्षाचा महिना. आमचे हे सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. त्यांचे शाळासोबती त्र्यंबकराव खेडलेकर यांनी गंगापूरचा आपला पणजोबांच्या वेळचा महाल दुरुस्तीला काढला होता. "तुळया एकदा नजरेखालून घाल, आणि वहिनींनाही आण," असं त्यांचं पत्र आलं. मंगळवारी आम्ही नाशकाहून टांग्याने निघालो. पेरूच्या बागा संपल्या, गोदावरी उजव्या हाताला आली, आणि झाडीतून तो महाल दिसला.

पडका म्हणून ऐकलं होतं, आणि होताही पडकाच. अर्धं दार नव्हतं, वरच्या मजल्यातून आभाळ दिसत होतं. पण चौकात पाऊल टाकलं आणि मी चप्पल काढून हातात घेतली. देवळात शिरल्यासारखं वाटलं. मधोमध काळ्या दगडाचं सोळा पाकळ्यांचं कमळ, त्याच्या पोटातून नदीच्या पाण्याची बारीक धार. भोवती सागवानी खांब, वर जाताना केळफुलासारखे निमुळते झालेले. चाळीस वर्षं पावसात उभे होते, पण एकालाही तडा नव्हता.

"वहिनी, खरी गंमत आत आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "हनीफ मिस्त्री, दाखवा बरं."

हनीफ मिस्त्री पन्नाशीचे, दाढीला मेंदी लावलेली. हात कोपरापर्यंत तेलाने चकाकत होते. त्यांनी दिवाणखान्याच्या नव्याने घोटलेल्या भिंतीवरचं ओलं फडकं बाजूला केलं.

"हात लावा, बाईसाहेब. डरू नका."

मी हात लावला. भिंत नव्हतीच ती, उभं राहिलेलं पाणी होतं. त्यात मला माझं कुंकू दिसलं.

"ही चुन्याची भिंत?"

"चुना, वाळू, हिरड्याचं पाणी, बेलाचा गर आणि गूळ. वरून गारगोटीनं घोटाई. माझ्या आज्याच्या आज्यानं हीच भिंत घोटली होती."

"गूळसुद्धा?"

"गूळ तर पाहिजेच. पण कच्चा नाय चालत." त्यांनी कोपऱ्यातल्या झाकलेल्या रांजणांकडे बोट केलं. "सात दिवस पाण्यात आंबवायचा, मग फडक्यातून गाळायचा. गोडी मेली पाहिजे. गोडी जिवंत राहिली तर ती भिंतीत राहत नाय, बाईसाहेब. बाहेर येऊन बोलायला लागती."

रांजणाशी बसलेली मजूरबाई हसली. भागीबाई तिचं नाव, पेठकडच्या डोंगरातली. सगळा चुना तीच कालवायची. "मिस्तरी भिंतीशी लय बोलतो, बाय. घरी सुरय्याभाभीशी येवढा बोलत नाय."

"भाभी ऐकती कुठं? भिंत ऐकती," मिस्त्री म्हणाले.

२

जिन्याजवळच्या एका भिंतीत छोट्या कोनाड्यासारखी उघडी देवळी होती आणि तिच्या खालच्या दगडावर काजळीचा जाड काळा डाग.

"ही आमच्या पंतांची जागा," त्र्यंबकराव म्हणाले. अंबादासपंत त्यांचे कारभारी. साठीचे, पांढरी पगडी, काखेत सदा चोपडी, बोटं ब्राह्मणाच्या पोथीसारखी स्वच्छ. पाच पिढ्या त्यांचं घराणं इथे चाकरीला. "महाल ओस पडला होता तेव्हाही पंत रोज संध्याकाळी गावातून येऊन या कोऱ्या भिंतीपुढे पणती लावायचे. तीस वर्षं! लोक म्हणायचे, डोकं फिरलंय."

"लोकांना काय, बोलायला लागतं," पंत खाली बघत म्हणाले.

"आणि गेल्या सोमवारी हनीफने पोपडे काढले तर आत देवळी, आणि देवळीत हा!"

देवघरात चौरंगावर तो बसला होता. मुठीएवढा सोन्याचा बाळकृष्ण, रांगणारा, हातात लोण्याचा गोळा. गालाला इतकी गोड खळी की मला पदर डोळ्यांना लावावा लागला. कोणत्या तरी धामधुमीत कुणीतरी त्याला जपून भिंतीत घातलं असेल. हनीफ मिस्त्रींनी सापडल्या क्षणी पंच्यात गुंडाळून तो धन्याच्या हातात ठेवला होता.

"मुंबईचे एक मोठे साहेब शनिवारी महाल बघायला येताहेत," त्र्यंबकराव आमच्या यांना म्हणाले. "अशा वस्तूंचा त्यांना भारी नाद. भेट म्हणून द्यावा म्हणतो. वरचा शब्द पडला तर या महालाचं नाव होईल."

पंतांनी चौरंगावरचं फूल सरळ केलं आणि ते बाहेर गेले.

बुधवारी सकाळी मी जिन्याजवळच्या जोत्यावर मुंग्यांना घातलं. पाच मिनिटांत रांग आली. रात्रीच्या पंगतीला मालनबाई स्वयंपाकीणबाईंनी हिरव्या मिरचीचा ठेचा केला होता. पंतांनी तो तीनदा मागून घेतला, नाकातून पाणी येईपर्यंत.

गुरुवारी त्याच जागी पुन्हा घातलं. महालक्ष्मीचा उपास होता, घाई कसली नव्हती. मी बसून राहिले. पाव तास झाला, अर्धा झाला. एक मुंगी येईना.

अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी वाकून बघत होते, तोच देवघराकडून मालनबाईंची किंकाळी आली.

चौरंग रिकामा होता.

३

दार फुटलेलं नव्हतं. देवघराला कुलूप नव्हतंच, देवाला कसलं कुलूप. रात्री महालात झोपलेले म्हणजे आम्ही दोघं, त्र्यंबकराव, पंत, मालनबाई. चौकाच्या पडवीत हनीफ मिस्त्री आणि भागीबाई व तिचा नवरा काळू, चुन्याची राखण करायला.

बायामाणसांच्या गाठोड्यांपासून जोत्यापर्यंत सगळं उलटंपालटं केलं. काही सापडलं नाही. मग माणसांचे डोळे हळूहळू एकाच बाजूला वळायला लागले.

"ज्याला सापडला त्यालाच त्याची जागा ठाऊक," कुणीसं म्हणालं.

"न्यायचाच होता तर सोमवारी कशाला दिला असता, मालक?" हनीफ मिस्त्री म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तेव्हा कोण बघत होतं?"

"तेव्हा इमान होतं. मग पस्तावा झाला असेल," त्र्यंबकराव म्हणाले. रागापेक्षा लाज जास्त होती त्यांच्या तोंडावर. "उद्या दुपारी फौजदार येतील. त्यांच्यापुढे सांगा. पंत, यांची हत्यारं काढून घ्या."

पंत पुढे झाले. मिस्त्रींच्या हातातली घोटाईची थापी त्यांनी घेतली. जुनी शिसवी थापी, मूठ हाताने झिजून कमरेसारखी बारीक झालेली. ती घेताना पंतांनी उपरण्याचं टोक मुठीत धरलं होतं. मला वाटलं, शिवाशिव. मनातून वाईट वाटलं.

दुपारी मी फाटकाशी गेले. उंबराखाली मिस्त्री बसले होते, गाठोडं बांधून घरी निघालेले.

"मिस्त्री, माझा तुमच्यावर संशय नाही."

"तुमच्या एकटीच्या नसून काय होतंय? उद्या फौजदार दोरी बांधून गावातून नेतील. सुटलो तरी नाव नाय सुटत. मग कोण आपल्या घरात मला पाऊल टाकू देईल? भिंत घोटणारा मानूस घराच्या पार आतल्या खोलीत जातो, बाईसाहेब."

"देव सापडला तर?"

त्यांनी रिकाम्या पंज्याकडे पाहिलं. "सापडला तरी मी आपल्या पायानं परत यायचा नाय. ज्यानं माझ्या हातातून थापी घेतली, त्यानं हातानं आणून दिली तर येईन. नायतर राहू द्या ती भिंत अर्धी."

पंगतीत त्या दुपारी मला वाढायचंच होतं, जेवायचं नव्हतं. मालनबाई कुरकुरत होत्या. "गुळाच्या ढेपेचा कोपरा कुणी फोडला देव जाणे. घरात चोर शिरला की गूळसुद्धा सुटत नाही बाई!"

मी आमटीचा वाडगा घेऊन पंतांपुढे आले. त्यांनी पानावर डावा हात आडवा धरला.

"नको वहिनीसाहेब. तिखट सोडलंय. नेम धरलाय. दहीभातच घाला."

"कधीपासून?"

"झाले... झाले चार दिवस."

मी दहीभात वाढला. काल रात्रीचा ठेचा मला आठवत होता. पण नेमाबद्दल खोटं बोलणाऱ्या माणसाला चारचौघांत उघडं पाडू नये, त्याच्यामागे बहुतेक वेळा दुखणं असतं. कुठलं ते मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी रिकाम्या चौरंगापुढेच मी आरती केली. तीर्थाची पळी सगळ्यांपुढे फिरवली. अंबादासपंतांनी तीर्थाला हात पुढे केला.

तो डावा होता.

माझी पळी थांबली. त्यांच्याही लक्षात आलं. "सोवळं नाही माझं," असं काहीतरी पुटपुटून ते मागे सरले. पाच पिढ्यांच्या देवभक्ताने तीर्थाला डावा हात करावा? माणूस झोपेतसुद्धा तो करत नाही. उजवा उपरण्यात गुंडाळलेला होता.

४

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा जिन्याजवळच्या जोत्यावर बसले. पिठी घातली, साखर घातली. आजही कुणी नाही.

"ती येईपर्यंत थांबायचं." बरं, थांबू.

थांबले म्हणून दिसलं. मुंग्या होत्या, माझ्याकडे येत नव्हत्या एवढंच. जोत्याच्या खालच्या कडेने त्यांची जाड, लगबगीची रांग चालली होती. मी हातातली जपाची माळ कनवटीला लावली आणि तिच्यामागून वाकत गेले. रांग जिन्याच्या पोटाशी, अंधाऱ्या कोनाड्यात शिरली आणि भिंतीवर हातभर चढून एका ओल्या गिलाव्यावर पसरली. भिंत तिथे नुसती काळी झाली होती.

ओला गिलावा ही त्या महालात नवलाची गोष्ट नव्हती. जिकडे बघावं तिकडे ओलं. म्हणून तर कालच्या शोधात कुणी तिथे बोट लावलं नव्हतं. शंभर ठिगळांत एक ठिगळ.

मी उठून दिवाणखान्यात गेले. मंगळवारची ओली भिंत पाहिली, तिच्या पलीकडची पाहिली, चौकातल्या बारा जागा पाहिल्या. एकावरही एक मुंगी नाही.

भागीबाई पाणी भरत होती. तिला विचारलं, "जिन्याखाली तू नि मिस्त्रींनी गिलावा केलात?"

"नाय बाय. तिकडं पाऊसच येत नाय, तिकडचं काम शेवटाला."

"कालवलेला चुना रात्री उरतो का गं?"

"मिस्तरी उरू देत नाय. गूळपाणी घालून कालवला का त्याच दिशी लावायचा. रातच्याला हौदात नुसता पांढरा चुना." तिने माझ्या हाताकडे बघितलं. "त्याला हात नका लावू हां. तेल लावल्याबिगर धरला का बोटं सोलतो. मंग दोन-तीन दीस मिरचीला हात लावून दाखवा!"

मी तिथेच चौथऱ्यावर बसले.

अंबादासपंत हिशेबाच्या ओट्यावर होते. मी दारात उभी राहून म्हटलं, "पंत, जरा जिन्याखाली येता? मुंग्या झाल्या आहेत."

५

त्यांनी भिंत पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. पगडीखाली घाम आला होता.

मी आवाज हळूच ठेवला. जवळ कुणी नव्हतं, पण असं बोलणं भिंतीलाही ओरडून सांगू नये.

"हे हनीफ मिस्त्रींचं काम नाही, पंत. त्यांच्या गुळाची गोडी सात दिवसांत मरते. त्यांच्या एका भिंतीला मुंगी नाही. इथे कुणीतरी हौदातला नुसता चुना घेतला, वाळू घातली, आणि स्वयंपाकघरातल्या ढेपेचा गूळ फोडून तसाच चुरला. चुन्यात गूळ पडतो हे त्याला माहीत होतं. आंबवतात, गाळतात हे माहीत नव्हतं. मिस्त्रींनी हे केलं असतं तर मला आयुष्यात कळलं नसतं. म्हणजे ही भिंतच त्यांची साक्षीदार आहे."

पंतांनी हातावरचं उपरणं आणखी घट्ट गुंडाळलं.

"भागीबाई नाही, ती रोज कालवते. काळूही तिच्याच हाताखालचा, हातांना तेल लावून काम करणारा. मालनबाई असत्या तर गूळ गेला म्हणून स्वतःच बोंब मारली नसती. चुन्याला कधी हात न लावलेला माणूस हवा. ज्याच्या बोटांना तो खाईल. मग तो थापी उपरण्यात धरून घेईल. ठेचा आवडत असून दहीभात मागेल. आणि..." मी त्यांच्या उपरण्याकडे पाहिलं. "आणि तीर्थाला डावा हात करेल."

त्यांनी उजव्या हातावरचं उपरणं सोडलं. मी डोळे मिटून घेतले. बोटांची कातडी पेरापेरावर सोललेली होती.

"गूळ महिन्याच्या महिन्याला मीच आणून देतो," ते म्हणाले. "दोन वर्षं आणतोय. रांजणात पडल्यावर त्याचं पुढे काय होतं ते कधी जाऊन बघितलं नाही. कारभाऱ्याने चुन्याजवळ कशाला जायचं!" हसल्यासारखं केलं, हसू आलं नाही. "वहिनीसाहेब, देव भिंतीत आहे हे मला ठाऊक होतं. माझ्या पणजोबांनीच तो घातला, धन्याच्या आज्ञेने. आमच्यात बाप मरताना मुलाच्या कानात सांगतो. देव तिथे आहे, दिवा चुकवू नकोस, आणि त्याला या घराबाहेर जाऊ देऊ नकोस. मी वडिलांच्या हातावर हात ठेवला होता."

"म्हणून तीस वर्षं पणती."

"शनिवारी तो साहेबाच्या कपाटात जायचा होता. काचेत. न्हाणं नाही, लोणी नाही. मी दुसरं काय करू? त्याच्या घरातच पुन्हा ठेवला. चोरी केली नाही मी."

"नाही केलीत," मी म्हटलं. आणि मला तसंच वाटत होतं. पडक्या घरात, पावसात, लोकांच्या हसण्यात तीस वर्षं एका कोऱ्या भिंतीपुढे दिवा लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझे नेम त्याच्यापुढे काय, चिमूटभर साखर. "पण देव राखलात आणि एका माणसाचं नाव घालवलंत, पंत. दुपारी फौजदार येतील."

"मला वाटलं, काही सापडलं नाही की सोडून देतील..."

"देवाला भिंतीत ठेवता येतं. हनीफ मिस्त्रींनी तोंड कुठे ठेवायचं?"

मी फाटकाशी मिस्त्री काय म्हणाले होते ते सांगितलं, थापीचं. पंतांनी ते ऐकलं, आणि सोललेला हात माझ्यापुढे पालथा धरला, वडिलांच्या हातावर ठेवला असेल तसा.

"मी धन्यांना सांगतो. आणि थापी मीच नेऊन देतो. माझ्या हाताने."

६

गिलावा नखाने निघाला, इतका कच्चा होता. त्र्यंबकरावांनी बाळकृष्ण बाहेर घेतला. त्याच्या खळीत गूळ अडकला होता आणि एक मुंगी तो खात होती. कुणी तिला झटकलं नाही.

पंतांनी सगळं सांगितलं, मान न उचलता. माझं नाव मध्ये आणलं नाही, मीच तसं मागितलं होतं. त्र्यंबकराव आधी लालेलाल झाले. "पंत, तुम्ही? माझ्यापाशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही साहेबांना पत्र लिहून मोकळे झाला होतात, रावसाहेब. ते मीच टपालात टाकलं."

त्र्यंबकराव काजळीच्या डागाकडे बघत उभे राहिले. चौकातल्या कमळाची धार तेवढी वाजत होती.

"तीस वर्षं," ते स्वतःशी म्हणाले. "आणि मी घर बांधायला निघालोय." मग यांच्याकडे वळून, "फौजदाराला निरोप पाठव. येऊ नका म्हणावं. देव घरातच होता. साहेबांना काय लिहायचं ते रात्री बघू. आधी मिस्त्रींना आणायला हवं. गाडी जुंपा रे!"

"गाडी नको," पंत म्हणाले.

ओट्यावर फडक्यात गुंडाळलेली थापी होती. पंतांनी फडकं सोडून बाजूला ठेवलं. भागीबाई तेलाची वाटी घेऊन पुढे आली. "आता लावा, काका. आधी लावायचं व्हतं ते आता लावा." त्यांनी हात पुढे केला, तिने बोटांना तेल लावलं, ते चुळबुळले नाहीत. मग उघड्या उजव्या हातात त्यांनी मूठ धरली. सोललेल्या बोटांना ती किती झोंबली असेल. पण डाव्या हातात घेतली नाही.

हनीफ मिस्त्रींचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, मशिदीच्या मागे. मध्ये सगळा बाजार, चावडी, आणि पंतांना वेडा म्हणणारे सगळे ओटे. जुम्म्याच्या नमाजाला अजून अवकाश होता. पंतांनी पगडी सारखी केली, मोडक्या दारातून बाहेर पडले, आणि थापी सगळ्यांना दिसेल अशी धरून, भर रस्त्याने, चालायला लागले.

मी जोत्याकडे वळले. माझी साखर तशीच पडून होती, आणि मी अजून काही खाल्लं नव्हतं. खाली बसले आणि थांबले.